घागर, बाटली आणि शाळेचा बाक

आश्विन शुद्ध अष्टमीला कोकणस्थांच्या घरी महालक्ष्मी उभी राहते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, अंगावर शालू, पुढ्यात लग्नाला पाच वर्षं न झालेल्या सुनांची पूजा. संध्याकाळची आरती आटोपली की घागरी पुढे येतात. धुपावर धरून त्या उदवतात, आणि मग एकेक बाई घागर दोन्ही हातांत घेऊन तोंडाशी नेते, खालचा ओठ काठाला टेकवते आणि काठावरून आडवी फुंकर घालते. घागर घुमते. फुंकरीबरोबर पाय पडतात, पायांबरोबर फुंकर लांबते-आखडते, आणि थोड्याच वेळात खोलीत लहानमोठ्या घागरी आपापल्या उंचीचे हुंकार देत फिरू लागतात. दोन घागरी जवळजवळ सारख्या मापाच्या निघाल्या, तर त्यांच्या सुरांतला बारीक फरक हवेत थरथरायला लागतो आणि कुणीच वाजवत नसलेली तिसरी लय कानावर येते. रात्र चढत जाते तशी कुणाच्या अंगात देवी येते. या रात्रीची नोंद धर्माच्या पुस्तकांत सापडते, चालीरीतींच्या पुस्तकांतही सापडते. संगीताच्या पुस्तकांत मात्र ती क्वचितच दिसते, आणि मला ही मोठी चूक वाटते.

1975 साली ‘शोले’ आला. त्यातल्या ‘महबूबा’साठी राहुलदेव बर्मन यांनी रिकाम्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घालून घेतली आणि तो आवाज गाण्याच्या ठेक्यात बसवला. क्रिया तीच, अष्टमीच्या रात्रीचीच. आडव्या फुंकरीने मानेतली हवा खाली दबते, पोटातली हवा आवळली जाते, ती मानेतल्या हवेला परत वर लोटते, आणि हे हेलकावे सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा होतात, तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1863 सालच्या आपल्या ग्रंथात या घुमण्याचं गणित मांडलं. घरी करून पाहण्यासारखी एक गंमत यात आहे. बाटलीत पाणी ओतत जा आणि दर वेळी फुंकर घाला, सूर चढत जाईल, कारण आतली हवा कमी होते. आता त्याच बाटलीवर बाहेरून चमचा वाजवा. जितकं पाणी जास्त, तितका सूर खाली, कारण आता काच थरथरते आहे आणि तिच्यावर पाण्याचा भार पडला आहे. जलतरंगवाले वाटीत पाणी वाढवून सूर उतरवतात ते याच कारणाने. एकच वस्तू, एकच पाणी, आणि हात लावण्याची तऱ्हा बदलली की उलटा निकाल. या विषयात शिरायला मला याहून चांगली जागा माहीत नाही.

विषय आहे तो असा: नेहमीची वाद्यं बाजूला ठेवून, किंवा त्यांना भलत्याच तऱ्हेने हाताळून, पत्रा, काच, पाणी, वाळू, कागद, दगड, मोडका रेडिओ अशा वस्तूंमधून श्रोत्यांसमोर आवाज घडवणं, आणि तो आवाज हाच कार्यक्रमाचा आशय असणं. याला कुणी ध्वनिकला म्हणतं, कुणी नादप्रयोग म्हणतं, कुणी सरळ ‘साउंड आर्ट’ म्हणतं. हे प्रकरण परदेशातून आलं आणि मूठभर कलाशाळांतल्या मुलांपुरतं आहे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. पण वस्तूंमधून आवाज काढण्यात आपण कधीच मागे नव्हतो. नवीन आहे ते त्या आवाजाला देवाच्या, गाण्याच्या किंवा गोष्टीच्या सेवेतून काही वेळ मोकळं करणं आणि नुसतं त्याच्यासमोर बसून राहणं. हे बसणं सोपं नाही. त्यासाठी जागाही बेताची लागते.

अशी जागा म्हणून मी जुहूकडे पाहतो. जानकी कुटीरमधलं पृथ्वी थिएटर 5 नोव्हेंबर 1978 रोजी उघडलं. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी ते उभं केलं, रचना वेद सेगन यांची. पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीतून. जुहूच्या या रंगमंचावरचं पहिलं नाटक मुळात मराठी होतं हे आपण मराठी माणसं फारसं सांगत नाही, सांगायला हवं. सुमारे 200 खुर्च्या, प्रेक्षकांत शिरलेला रंगमंच, तीन बाजूंना माणसं. शेवटच्या रांगेतल्यालाही नटाच्या बोटांची हालचाल दिसते, कागद चुरगळल्याचा आवाज माइकशिवाय पोचतो. दादरच्या छबिलदास शाळेत सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकाला जे मिळालं तेच इथे उपनगरात मिळालं: इतकं जवळ बसणं की फसवता येत नाही. शिवाजी मंदिराच्या बाल्कनीतून पाहताना पत्र्यावर फिरणारी सुई कुणाला दिसणार? ध्वनिप्रयोगात हात दिसणं हा अर्धा अनुभव असतो. आवाज कानावर येतो आणि तो कुठून आला ते डोळा शोधतो. काही वेळा त्याला सापडतच नाही, आणि तेव्हा खरी मजा सुरू होते.

याच रंगमंचावर, जेनिफर कपूर यांच्या स्मरणार्थ, 28 फेब्रुवारीला झाकीर हुसेन वर्षानुवर्षं वाजवत राहिले. 15 डिसेंबर 2024 रोजी ते गेले. तबल्याच्या एकल वादनात शंख, डमरू, घोड्याच्या टापा, पावसाची सर, सुटणारी आगगाडी असं काढून दाखवण्याची एक जुनी रीत आहे, आणि झाकीरभाई ती फार सुंदर करत. आगगाडी निघाली की सभागृह टाळ्यांनी भरायचं. यात मला एक प्रश्न नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. त्या क्षणी आपण तबला ऐकत असतो की आगगाडी? आनंद आहे तो दोन्हींमधल्या अंतराचा. चामडं, शाई आणि बोटं यांतून लोखंडाची धडधड उभी राहते, म्हणून आपण थक्क होतो. 1948 साली पॅरिसमध्ये पिअर शेफर यांनी नेमकं उलट केलं. बातिन्योल स्थानकावर जाऊन त्यांनी खऱ्या इंजिनांचे, डब्यांचे, शिट्ट्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, ते कापले, पुन्हा पुन्हा फिरवले आणि एक रचना रेडिओवरून ऐकवली. तिथे आगगाडी खरीच होती, पण फिरवून फिरवून तिची आगगाडीपणाची ओळख गळून पडत होती आणि उरत होता नुसता ताल. झाकीरभाई वाद्यातून वस्तूकडे जात, शेफर वस्तूतून संगीताकडे. मुंबईच्या लोकलमध्ये सांधे बदलताना बसणारे धक्के ज्यांनी रोज मांडीवर मोजले आहेत, त्यांना हे दोन्ही रस्ते चटकन कळतात.

आपल्याकडचा सर्वांत समृद्ध प्रयोग मात्र सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात झाला. बर्मन यांचा वादकसंच हा वस्तूंचा तालीमखानाच होता. ‘पडोसन’ (1968) मधल्या समोरच्या खिडकीच्या गाण्यात कंगव्याची खरखर आहे. ‘यादों की बारात’ (1973) मधलं ‘चुरा लिया’ काचेवर वाजलेल्या चमच्याने सुरू होतं, आणि आशा भोसले यांचा आवाज येण्याआधीच त्या किणकिणीने रात्र उभी केलेली असते. ‘सत्ते पे सत्ता’ (1982) मध्ये अमिताभ बच्चन यांच्या दुसऱ्या, खुनशी भूमिकेच्या प्रवेशाला जो घशातला गुरगुराट येतो, तो ॲनेट पिंटो यांनी तोंडात पाणी धरून गुळण्या करत काढला आहे. एकदा हे कळलं की तो प्रसंग पुन्हा पाहताना अंगावर काटा वेगळ्याच कारणाने येतो. माणसाचा गळा आणि घोटभर पाणी, एवढंच.

‘किताब’ (1977) मधलं मास्टरजींच्या चिठ्ठीचं गाणं जरा थांबून ऐकावं असं आहे. पद्मिनी आणि शिवांगी कोल्हापुरे या दोघी बहिणी ते गायल्या. वर्गात मास्तर नाहीत आणि पोरं बाकं बडवतायत असा प्रसंग. बर्मन यांनी त्यासाठी शाळेचे बाक स्टुडिओत आणून त्यांवर ठेका वाजवून घेतला. बाक हे मुळात बऱ्यापैकी वाद्य आहे हे कोणत्याही मराठी शाळेत शिकलेल्याला सांगायला नको. वरच्या फळीच्या मध्यावर तळहात पडला की धुम्म, कडेला बोटांची पेरं पडली की टण्ण, आणि झाकणाचा बाक असेल तर आतल्या पोकळीने धुम्मला आणखी खोली येते. डग्गा आणि चाट, दोन्ही एका लाकडात. पण वर्गातलं बडवणं आणि स्टुडिओतलं वाजवणं यांत फरक पडतो तो वाजवणाऱ्या हाताने. त्या हातांच्या मागे मारुतीराव कीर यांच्यासारखा जाणता लयकार होता. तबल्याची पक्की तालीम घेतलेला माणूस बाकावर बसला की बाकाला बोल फुटतात. खाचांवर काठी घासून वाजणारं रेसो-रेसो हे लॅटिन अमेरिकेतलं वाद्य अमृतराव काटकर यांनी असं हाताळलं की ते बर्मन यांच्या ठेक्याची ओळखखूण बनलं. खरखर ही गोष्ट आपल्या शास्त्रीय कानाला दोषाची. काटकरांनी तिला लयीत इतकी नेमकी बसवली की ती नसली तर गाणं उघडं वाटावं.

हे सगळं थोर आहेच. तरी ध्वनिप्रयोग आणि सिनेमा यांच्यातली सीमा इथे आखावी लागते. गाण्यातली बाटली ही गाण्याची चाकर असते. ती चार मात्रा येते, रंग भरते, निघून जाते, आणि बहुतेक श्रोत्यांना ती बाटली होती हे वर्षानुवर्षं कळतही नाही. ध्वनिप्रयोगात तीच बाटली समोर टेबलावर असते आणि तिला वीस मिनिटं दिलेली असतात. त्या वीस मिनिटांत ती कंटाळवाणी होण्याचा धोका पुरेपूर असतो. वाजवणाऱ्याने तो धोका पत्करलेला असतो, आणि ऐकणाऱ्यानेही पत्करावा अशी त्याची अपेक्षा असते.

मग याला संगीत म्हणायचं का, हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारतोच. मला त्याचं उत्तर भरताकडे सापडतं. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध, घन. ही वाटणी देवघरातल्या आणि बाजारातल्या वाद्यांत भेद करत नाही, किमतीत करत नाही, मानात करत नाही. काय थरथरतं एवढंच ती विचारते: तार, हवा, चामडं की वस्तूचं स्वतःचं अंग. बाटली सुषिर, चमचा आणि ग्लास घन, बाकही घनच. तोंडाला ताणून बांधलेल्या फुग्याचा डबा अवनद्ध. नवा खण करावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्सच्या संग्रहालयातल्या व्हिक्टर माहियों यांनी आपली वर्गवारी बेतली ती याच भारतीय पद्धतीच्या आधाराने, आणि 1914 मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी ती वाढवून आज जगभर चालणारी पद्धत तयार केली. म्हणजे जगातल्या कुठल्याही संग्रहालयात टिनच्या डब्यापासून केलेलं वाद्य ठेवताना जो विचार होतो, त्याच्या मुळाशी भरताचा हा साधा प्रश्न आहे. भास्कर चंदावरकर यांचं ‘वाद्यवेध’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना वाद्यांकडे असं मोकळेपणाने पाहण्याची सवय आधीच लागलेली असेल. अशोक रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मांडून एकाच मापाने सगळं मोजण्याची आपली खोड मोडायचा प्रयत्न केला. या दोघांना आपण फार कमी वाचतो.

एक उदाहरण मुद्दाम जवळून दाखवतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला आणि शेजारच्या डांगमध्ये कोकणा समाजात थाळीवर कथा सांगतात. धातूच्या थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा दाबून त्यात एक काडी उभी रोवतात. कथेकरी काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढत राहतो. बोटांच्या घसटीने काडी थरथरते, काडीमुळे थाळी गुणगुणते, आणि एक अखंड, किंचित खडबडीत सूर तयार होतो. त्या सुरावर कथा रात्रभर चालते. यात तंबोऱ्याचं काम जेवायची थाळी करते आहे, आणि तिला तंबोऱ्यापेक्षा एक गोष्ट जास्त येते: बोटांचा दाब बदलला की सूर बोलणाऱ्याच्या श्वासासारखा हलतो. हाच प्रकार एखाद्या बर्लिनच्या कलावंताने दालनात केला असता तर त्यावर लेख आले असते. आपल्याकडे तो दिवंगतांच्या स्मरणाचा, देवांच्या कथेचा विधी म्हणून एका कोपऱ्यात राहिला.

म्हणून ‘अपारंपरिक वाद्य’ हा शब्द वापरताना मी अडखळतो. कोणासाठी अपारंपरिक? हलगी, संबळ, डफडं ही वाद्यं शतकानुशतकं वाजत आली, पण चामड्याला शिवणाऱ्या हातांमुळे त्यांना मैफलीत जागा मिळाली नाही, आणि ज्यांच्यावर ती वाजवण्याची सक्ती होती त्यांतल्या अनेकांनी मान मिळवण्यासाठी ती खाली ठेवली. हा इतिहास विसरून हलगीला ‘वेगळा साउंड’ म्हणून टेबलावर मांडणं मला पटत नाही. दुसरीकडे जे परकं होतं ते आपलंसं झालं. हार्मोनियमवर 1940 पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीने बंदी ठेवली होती, आणि त्याच काळात महाराष्ट्रात भजन किंवा नाट्यगीत सहसा पेटीशिवाय उभं राहत नव्हतं. गोव्याच्या घुमटाचं उलट झालं. मातीच्या भांड्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणायची रीत होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपड मारणं गुन्हा ठरला, वादक बकरीच्या कातड्याकडे वळले, आवाज थोडा बदलला, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. परंपरा म्हणजे काय, तर साहित्य बदलत असताना टिकलेला कान.

बाहेरच्या जगाचा धागा थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र भरपूर वाचायला मिळतो. इटलीच्या लुईजी रुस्सोलो यांनी 1913 मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि घरघरणारी, किंचाळणारी यंत्रं बनवली. अमेरिकेत जॉन केज यांनी 1940 च्या सुमारास पियानोच्या तारांत बोल्ट, स्क्रू, रबर खोचून त्याचा तालवाद्यांचा ताफा केला, आणि 1952 मध्ये वादकाने काहीच न वाजवायची रचना सादर केली. केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली ती गीता साराभाई यांनी, 1946 मध्ये न्यूयॉर्कला. संगीत कशासाठी असतं याचं त्यांनी दिलेलं उत्तर, मन शांत करून त्याला दैवी प्रभावासाठी मोकळं करणं, केज यांनी जन्मभर जवळ बाळगलं. 1964 मध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेच्या जगदौऱ्यात केज मुंबईलाही आले होते. 1969 मध्ये त्यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभा करून दिला आणि तिथे काही वर्षं भारतीय मंडळींनी इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. म्हणजे ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. आपण नुसतं घेतलं असं म्हणणं इतिहासाला धरून नाही.

आता पुन्हा मुंबईकडे. तौफिक कुरेशी यांनी ‘मुंबई स्टॅम्प’ या संचात डबे, पिंपं, बादल्या घेऊन शहराची लय मंचावर आणली. धारावीत ‘धारावी रॉक्स’मध्ये कचरा वेचणाऱ्या घरांतली मुलं रंगाचे डबे आणि प्लास्टिकची पिंपं वाजवतात. या मुलांबद्दल लिहिताना बहुतेकांची लेखणी कणवेकडे वळते, कचऱ्यातून फुललेलं संगीत वगैरे. मला ते अन्यायाचं वाटतं. निळ्या पिंपाच्या बुडाचा खर्ज आणि रंगाच्या डब्याच्या काठाचा टणत्कार यांत योग्य अंतर ठेवून ठेका धरणं हे कौशल्य आहे, आणि त्याची दाद लयीची दाद म्हणूनच मिळायला हवी. अमोल पाटील यांचं काम आणखी वेगळ्या वाटेने जातं. आजोबांचा पोवाडा आणि वडिलांची नाटकं यांच्या आठवणी ते आवाज, हालचाल आणि वस्तू यांतून पुन्हा उभ्या करतात. 2022 च्या कासेल इथल्या ‘डॉक्युमेंटा’त त्यांचं काम होतं. मुंबईच्या चाळीतला आवाज तिथे पोचला, तोही कुणाची नक्कल न करता.

जुहूला हे प्रयोग करणाऱ्याला आसपास काय ऐकू येतं तेही पाहू. चौपाटीवर पावभाजीच्या तव्यावर दोन कालथे आपटत राहतात, आणि ते फक्त भाजी कुटण्यासाठी नसतात. भाजी तयार झाली तरी ठेका थांबत नाही, कारण गिऱ्हाइकाला बोलावण्याचं काम तोच करतो. तव्याचा मध्य जड आणि बद्द वाजतो, कड पातळ आणि उंच, आणि हुशार भाजीवाला कडेकडे सरकत समेवर येतो. शेजारी गोळेवाला उलट्या रंध्यावर बर्फ घासतो, दर घासेला खर्र, आणि लादी झिजत जाते तशी ती खर्र बारीक होत जाते. डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं आणि जुहू विमानतळावरची हेलिकॉप्टरं. या सगळ्याखाली समुद्र असतो, पण तारा रोडवरच्या हॉर्नमुळे तो भरतीच्या वेळीसुद्धा ऐकू येत नाही. मुंबईकराने कान मिटायला शिकून घेतलं आहे. त्याशिवाय इथे राहता येत नाही हेही खरं.

अशा शहरात ध्वनिप्रयोगाचं सगळ्यात उपयोगी साधन मला लॅमिंग्टन रोडवर मिळणारी पिएझोची चकती वाटते. बझरमध्ये असते तीच, रुपयाच्या नाण्याएवढी, पितळेची, मध्ये पांढरट खडूसारखा थर. दोन वायरी झाळायच्या, चकती स्टीलच्या ताटाला मागून चिकटवायची, दुसरं टोक ॲम्प्लिफायरला. त्या पांढऱ्या थराला दाब बसला की त्यातून सूक्ष्म विद्युतदाब निघतो. हवेतला आवाज तिला जवळजवळ ऐकूच येत नाही, ताटाच्या अंगातली थरथर तेवढी ऐकू येते. वर हेलिकॉप्टर घोंघावत असलं तरी ताटावर पडलेली एकेक मोहरी स्वच्छ ऐकू येते. तांदूळ टाकला तर आवाज मऊ, साबुदाणा टाकला तर उडी मारल्यासारखा, आणि बोटाचं टोक ओलं करून फिरवलं तर ताट ओरडतं. थेट जोडली तर खालचे सूर गळून आवाज पत्र्यासारखा किरटा येतो, म्हणून मध्ये लहानसा प्रीॲम्प लागतो. एवढी तयारी करून ताटासमोर अर्धा तास बसलं की जेवायच्या ताटात किती प्रकारचे आवाज आहेत ते कळतं, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या दिवशी हाताला लागत नाहीत हेही कळतं.

यामुळेच मला अनेक प्रयोग अपुरे वाटतात. टेबलावर तीस वस्तू मांडायच्या, प्रत्येकीला दोन मिनिटं हात लावायचा, मधूनच यंत्रातून घुमारा सोडायचा आणि अंधार करायचा. यात वस्तू दिसतात, पण कुणाचीच ओळख होत नाही. ज्या वस्तूवर रियाज झालेला नाही ती श्रोत्यांसमोर आणू नये, हा तबल्याला लागू असलेला नियम बादलीलाही लागू आहे. उलट एखादा वादक एकच पत्रा घेऊन बसतो, तो वाकवतो, सोडतो, त्यावरून धागा ओढतो, वाकलेल्या पत्र्याचा सूर चढताना आपण श्वास धरतो, आणि पाऊण तासाने बाहेर पडल्यावर दुकानाचं शटर खाली येतानासुद्धा त्याचे तीन टप्पे वेगळे ऐकू येतात. असा प्रयोग मी यशस्वी मानतो. विद्युत साधनांना माझा विरोध मुळीच नाही, पण यंत्राने वस्तूचा आवाज मोठा करावा, तिच्या जागी स्वतः बोलू नये.

पहिल्यांदा ऐकायला जाणाऱ्यांनी पुढे बसावं, जमलं तर बाजूला, जिथून हात दिसतील. पहिली दहा मिनिटं डोकं ‘हे काय आहे’ विचारत राहतं, विचारू द्यावं. सूर शोधू नये, पोत शोधावा: खरखरीत, ओलं, पोकळ, तुटकं. आवाज कधी सुरू झाला यापेक्षा तो कधी संपला हे पकडायचा प्रयत्न करावा. काशाच्या थाळीचा आवाज संपतो कधी हे दोन माणसं एकाच क्षणी सांगू शकत नाहीत. कंटाळा आला तर तोही लपवू नये. कार्यक्रमानंतर वादकाला भेटून वस्तूला हात लावून पाहावा. बहुतेक वादक आनंदाने लावू देतात, आणि मैफलीच्या संगीतात सहसा न मिळणारी ही सोय आहे.

राहता राहिली नोंदीची गोष्ट, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. सिनेमाच्या सुवर्णकाळातल्या शेकडो वादकांची नावं श्रेयनामावलीत नव्हती, तबकड्यांच्या वेष्टनावरही नव्हती. ग्रेगरी बूथ यांनी त्यांतल्या अनेकांना भेटून 2008 मध्ये मुंबईच्या स्टुडिओ-वादकांवर पुस्तक लिहिलं, पुण्यातल्या ‘पंचममॅजिक’सारख्या रसिकांच्या गटाने त्यांना मंचावर आणून बोलतं केलं, तेव्हा कंगवा, चमचा, बाटली यांमागचे हात लोकांना दिसू लागले. तोवर कितीतरी जण गेले होते. ध्वनिप्रयोगाला ना स्वरलिपी आहे, ना घराणं, ना तबकडी. कार्यक्रम संपला की थाळी पुन्हा स्वयंपाकघरात जाते आणि पिंप पाण्याला लागतं. म्हणून आज हे काम करणाऱ्यांकडे, जुहूचे असोत, धारावीचे असोत की पेठेतले, माझं एक मागणं आहे. प्रत्येक प्रयोगानंतर एका कागदावर लिहून ठेवा: पत्रा कोणत्या धातूचा आणि किती जाड, बाटलीत पाणी कुठवर, चकती कुठे चिकटवली होती, खोली केवढी, खिडक्या उघड्या होत्या की बंद, बाहेर कोणता आवाज चालू होता, आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव.